सिग्नल पडला

दहाला पाच कमी.
ट्रेझरी म्हणजे आमच्या बँकेत एक टेबल,
एक फोन, एक पडदा, आणि मी.
बाहेर जामनेर रोडवर केळीचा ट्रक मागे घेताना
क्लीनर ओरडतोय, येऊ दे, येऊ दे,
आणि पडद्यावर मुंबईहून एक आवाज
घसा साफ करून म्हणतो:
पाव टक्का.

पाव म्हणजे इथे शेवेचं माप.
पाव टक्का चिमटीत येत नाही.
तरी शंभराच्या सरकारी रोख्याला
अकरा मिनिटांत सदतीस पैसे चढले.
आमच्याकडे वीस कोटींचे. बोटांवर केलं:
सात लाख चाळीस हजार.
ना कुणी पेरलं, ना निंदलं,
मी तर खुर्चीतून उठलेही नव्हते.

दर उतरला की रोखा चढतो,
हे मी संचालकांना दरवर्षी समजावते.
दरवर्षी वायकोळेअण्णा विचारतात,
म्हणजे चांगलं झालं की वाईट?

चहा आणणारा गोरख पारोळ्याचा.
मंग कर्ज सस्तं व्हई का, ताई?
होईल, म्हटलं. दोन तिमाह्या जाऊ दे.
आणि ठेवीचं व्याज?
ते सोमवारपासून.

तळघरात, जुन्या तिजोरीमागे
एक वही सापडली होती, बाइंडिंग उंदरांनी खाल्लेलं.
बऱ्हाणपूर, इंदूर, मुंबई. समोर हुंडणावळ, शेकडा इतके आणे.
तेव्हा दर इथेच ठरायचा,
जिनिंगच्या दारात उभ्या कापसाच्या गाड्या मोजून,
तीन माणसांच्या मानेच्या हालचालीवर.
बऱ्हाणपूर त्या मानेकडे बघायचं.
ती माणसं काही देव नव्हती, वहीत तेही दिसतं:
एकाच तारखेला एका नावाला तीन आणे, दुसऱ्याला सात.
हुंडणावळ हा शब्द मी गोरखला विचारला.
तो म्हणाला, भाजी शे का कसली?

आता आम्ही भुसावळात शंभर गोळा करतो,
एकेचाळीस इथे फिरतात.
बाकीचे संध्याकाळच्या आत मुंबईला,
बिनतिकीट, उभ्यानेही नाही.
तापीसुद्धा सुरतेला जाते,
पण जाताना हतनूरला थांबते तरी.

साडेअकराला पिंटोसाहेब आले.
अर्नेस्ट पिंटो, निवृत्त गार्ड,
इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं.
बारा लाखांची पावती, आजच मुदत संपलेली.
शनिवारी आला असता तर, मी म्हणाले, आणि थांबले,
कारण शनिवारी मुदत संपली नव्हती.
आज करा, साहेब. आज जुनाच दर आहे.
ते म्हणाले, आज नको. मुलगी सोमवारी येते,
तिचं नाव घालायचंय.

मग मी हिशेब सांगितला. महिन्याला अडीचशे कमी.
ते छताकडे बघून म्हणाले,
म्हणजे एक रविवार.
मटणाचा.

मग हसले.
आमच्यात म्हणायचे, सिग्नल पडला.
हात खाली आला की गाडी सुटते.
इंजिनाला आधी कळतं, त्याला वाटतं आपणच ओढतोय.
मी शेवटच्या डब्यात, हिरवी झेंडी धरून,
आणि धक्का माझ्यापर्यंत येईस्तोवर
पुढचे डबे यार्डाबाहेर गेलेले.
धक्का मात्र सगळ्यांत मोठा मागेच बसतो, मॅडम,
म्हणून गार्डला नेहमी काहीतरी धरून उभं राहावं लागतं.

तुम्हाला किती मिळाले? त्यांनी विचारलं.
सात लाख चाळीस हजार, मी म्हणाले. कागदावर.
कागद चांगला असतो, ते म्हणाले,
आणि फॉर्म घडी करून खिशात ठेवला, सोमवारसाठी.

चार वाजता भाव एकोणीस पैसे उतरला.
का, ते पडद्यानं सांगितलं नाही.
मी आकडा खोडून नवा लिहिला,
गोरखनं पंखा बंद केला.
यार्डातून शिट्टी आली, मग दुसरी,
आणि माझा हात आपोआप
टेबलाच्या कडेला गेला.