सेहेचाळीस

खालची, उजवी, पहिली मोठी दाढ:
आमच्या हिशेबात तिचा आकडा सेहेचाळीस.
मे महिन्यात नागपूरचाही तोच.
शालिकराम निनावे खुर्चीत आडवे झाले तेव्हा
दोन्ही आकडे मी एकाच केसपेपरवर लिहिले,
एक कामाचा, एक उगाच.

मागच्या नळीत कागदाची काडी धरली, मिनिटभर.
ओली झाली, बाटलीत टाकली.
मग पांढरी पेस्ट भरली.
"काय टाकलं मॅडम?"
"कॅल्शियम हायड्रॉक्साइड."
"म्हंजे?"
"चुना."
सुन्न ओठानं, अर्धंच हसले.
"चुना तं मी तीस वर्सांपासून खाऊन राह्यलो, खर्र्यात.
त्यानं मरनारे असते तं कवाचेच मेले असते."

आठ दिवसांनी या म्हटलं. आले नाहीत.
दुखणं थांबलं की माणूस येत नाही,
हा आमच्या विभागातला सगळ्यात जुना निष्कर्ष;
त्यावर कुणी प्रबंध लिहीत नाही.

त्यांच्या दाढेतले रहिवासी मात्र माझ्याकडे राहिले,
सदतीस अंशांच्या पेटीत.
त्या दुपारी अख्ख्या इमारतीत तीच थंड जागा.
दर पंधरवड्याला मी त्यांना नव्या आगरवर हलवायची,
भाडेकरूंसारखं.
लाइट गेली की टेकामकाका
पेटीचं दार धरून बसायचे,
आत कुणी झोपलंय असे.

आगरमध्ये सहा मिलिमीटरची चार भोकं.
चोवीस तासांनी पट्टी लावली.
नुसतं सलाइन: काही नाही. खरं बोललं.
तीन अँटिबायोटिकांची पेस्ट: सव्वीस.
भोवती झाडून काढलेलं अंगण.
तिनं दात काळवंडतो, हे प्लेट सांगत नाही.
क्लोरहेक्सिडिनची जेल: अठरा.
चुना: साडेसात.
त्यातून भोकाचेच सहा वजा करा.
सरांनी पुन्हा मोजायला लावलं. तीनदा. साडेसात.
"चुना आगरमध्ये पसरत नाही फारसा," सर म्हणाले,
"आणि प्लेट म्हणजे दाढ नव्हे."
तेही लिहिलं, मर्यादा या मथळ्याखाली.

दिवाळीच्या तोंडावर निनावे आले. गाल सुजलेला.
दाखवू का, म्हटलं, तुमच्याच दाढेतलं?
टेप लावलेली प्लेट त्यांनी खिडकीकडे धरली,
लुगड्याचा पोत बघावा तशी.
चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस.
मधल्या स्वच्छ गोलाकडे त्यांनी बघितलंच नाही.
बोट काठावर.
"मधातलं तं कोनीबी साफ करते.
हे कडेचे पाय रोवून उभे हायेत, याईचं काय?"

माझ्या तक्त्यात काठासाठी रकाना नव्हता.

खुर्ची मागे झुकवली.
जुना चुना धुऊन काढला,
या वेळी जेलमध्ये कालवून भरला.
किती पुरेल, मला ठाऊक नाही;
साडेसात आणि अठरा यांची बेरीज होत नाही.
पुढची तारीख मोठ्या अक्षरांत लिहिली.

दारापाशी त्यांनी खिशातून खर्र्याची पन्नी काढली,
माझ्याकडे बघितलं,
पुन्हा खिशात घातली.
"आठ दिवस," म्हणाले.
कशाचे, ते सांगितलं नाही.