मागे बांधलेलं 'से'

उस्मान तांडेलांचा स्पॅनिशचा वर्ग
हर्णैच्या जेटीवर, लिलाव उरकला की.
फळा नाही. बर्फाच्या खोक्याचं झाकण,
आणि सुरमईचा वास लागलेला खडू.
बावीस वर्षं त्यांनी बोटीवर ताटं वाढली,
वाल्परायसो, कयाव, मॉन्तेविदेओ,
परत आणलं ते एवढंच:
बंद पडलेलं एक मनगटी घड्याळ
आणि आज्ञा.

"'उस्तेद' म्हणजे आपण. समन्सवर असतं ते.
त्यांचं आपण सोपं, फक्त समोरचा.
आपलं आपण अवघड,
त्यात कोण कोण बसलंय कळत नाही.
आता त्याला बसा म्हणायचं: सिएंतेसे.
सिएंते, बसवा. कुणाला? स्वतःला.
ते शेवटचं 'से'."

माणूस स्वतःला बसवतो?

"मग तुझी आई काय म्हणते?
बसून घे. जेवून घे. आवरून घे.
ते 'घे' कुणाच्या पदरात पडतं?"

मग पावश्यांच्या ट्रॉलरकडे बोट,
मागे दोरीला बांधलेला पगार डुलत होता.
"हो म्हणायचं तर 'से' असं, मागे.
जोर जागचा हलू नये
म्हणून अक्षरावर एक तिरकी रेघ,
कललेल्या डोलकाठीसारखी.
नाही म्हणायचं, की दोर सोड,
पगार पुढे घाल.
खाडीच्या तोंडाशी गाळ असला की
लहान होडी आधी जाते ना, पाणी मोजत?
नो से सिएंते."

महिनाभर घोकलं.
पोंगासे एल चालेको, जॅकेट चढवून घ्या.
कालमेसे, शांत व्हा.
कोळंबी निवडताना यमुनाकाकी म्हणाली,
"तू शांत हो मेल्या, बर्फ वितळतोय."
चूक एकच राहायची:
नाही म्हणतानाही माझं 'से' मागेच लोंबायचं.
"नो लेवान्तेसे? घातलीस गाळात!"

सतरा तारखेचं विमान.
आदल्या संध्याकाळी पेढे घेऊन गेलो,
तर तांडेल खाटेवर, गुडघ्याला नवी वाटी,
टाके अजून ओले.
मला बघून उठायला लागले.

"नो से लेवान्ते!"

तोंडातून गेलं ते गेलं.
ते तिथेच थांबले, अर्धे उठलेले,
एक हात खाटेच्या माच्यावर.
"परत म्हण."
म्हटलं.
"आता हो म्हण."
डॉक्टर नको म्हणालेत ना?
"ते मराठीत म्हणाले. तू म्हण."

लेवान्तेसे.

आणि हात पुढे केला,
कारण स्वतःला उठवणाऱ्या त्या माणसाचं
सगळं वजन
माझ्या मनगटावर आलं होतं.
घड्याळाच्या पट्ट्याचा वळ उमटला.

"चल," ते म्हणाले,
"आपण दारापर्यंत जाऊन येऊ."