डॉक्टरनं सांगितलंय, मऊ खा

वरचे सहा, खालचे चार.
दोन खेपांत दहा दात काढून
डॉक्टर म्हणाला, कवळी बसेपर्यंत मऊ खा, काका.
मऊ म्हणजे काय काय?
भात, खिमटी, केळं, मॅश पोटॅटो.
शेवटचं नाव त्यानं असं घेतलं
जसं काही उदगिरात घरोघर तेच शिजतंय.

महानंदा निलंग्याला, लेकीच्या बाळंतपणात.
पोरानं पुण्याहून पाकीट धाडलं:
पांढरा भुसा. उकळतं पाणी ओता, दोन मिनिटं थांबा.
ओतलं. थांबलो.
शाळेत फळा पुसून डस्टर आपटलं
की जे तोंडात जायचं
तेच, फक्त कोमट.

मी एकतीस वर्षं आडतीत पट्ट्या लिहिल्या.
माल किती, हमाली किती, तोलाई किती,
मातेरं किती, घट किती.
म्हटलं, हाही सौदा लिहूनच बघू.

बटाटे अर्धा किलो, पंधरा रुपये.
कुकरच्या चार शिट्ट्या.
सालं काढताना दोन बोटं भाजली,
ती हमालीत धरली.
दाबायला घरात काही नाही.
पळी वाकली. वाटीखालून एक फोड निसटली
ती थेट देव्हाऱ्याखाली. घट.
भिंतीपलीकडून रुकय्या ओरडली,
गरम हाय तवरच दाबा, चाचा,
गार झाला की डिंक होतोय.
तिला कसं कळलं म्हणाल,
तर आमच्यामधली भिंत पत्र्याची आहे.

तिनंच पोराच्या हाती वरवंटा धाडला.
आमचा, मिक्सर आल्यापासून
न्हाणीच्या दाराला टेकण म्हणून आहे.
दाबत गेलो.
दूध वाटीभर, लोणी सुपारीएवढं, मीठ.
बटाटा आधी हट्टी, मग भुसभुशीत,
मग एकदम ऐकायला लागला.
वर काराळ्याची चटणी, चिमूटभर.
डॉक्टरला हे सांगायचं नाही.

सव्वा तास लागला.
खाऊन झालं चार मिनिटांत.

चव होती. पाकिटापुढं तर होतीच होती.
पण कडक भाकरी मोडताना
घरात जो आवाज होतो, तो नव्हता.
घास आत गेला तरी
घड्याळच ऐकू येत होतं.
महानंदा असती तर म्हणाली असती,
नीट चावून खा.

मग भांडं.
बटाटा बुडाला असा धरून बसलेला
जसा व्यापारी तेजीच्या आशेनं तूर धरतो.
नळ येऊन नऊ दिवस झालेत,
येईल तो बाराव्याला.
भांडं घासायचं म्हणजे दोन तांबे,
वरवंट्याला अर्धा. तो परका,
धुऊनच द्यावा लागतो.
इथं पट्टी तोट्यात गेली.
पाकिटाला काय, एक वाटी, एक चमचा,
बोटानं पुसलं की झालं.
पुण्यात बसून पोराला हे काय कळणार,
म्हणालो.
का कळूनच धाडलं होतं, कोण जाणे.

मोरीपाशी उभा राहिलो भांडं घेऊन.
मग त्यात ताक ओतलं,
गदागदा हलवलं
आन् तसंच तोंडाला लावलं.
मिठाचं, लोण्याचं, काराळ्याचं ताक.
हनुवटीवरून गळ्यात ओघळलं,
दात नसले की ओठ धरत नाहीत.
बुड बघितलं, लख्ख.
सव्वा तासातला खरा माल हा निघाला,
पण पट्टीत त्याला रकानाच नव्हता.

रात्री फोनवर तिनं विचारलं, काय खाल्लात?
भात, म्हणालो.
बटाट्याचं सांगितलं असतं
तर बाळाची अंघोळ टाकून
पहिल्या यष्टीनं आली असती.

पाकीट अर्धं उरलंय, फडताळात.
मुंग्या येतात, बघून जातात.
बटाटे आहेत चार.
कवळीला अजून तीन आठवडे.