ठसे, तिसऱ्यांदा

डेप्युटी स्काअर माझा अंगठा धरतो,
पोराला पेन्सिल धरायला शिकवावी तसा,
काचेवर डावीकडून उजवीकडे लोळवतो.
यंत्र क्षणभर विचार करतं
आणि नाही म्हणतं.

"पुन्हा धुतलेस ना हात?"
सत्तावीस वर्षं धुतेय, ऑर्विल.
दर पेशंटआधी, दर पेशंटनंतर,
दाराच्या मुठीनंतर, वाईट बातमी सांगून झाल्यावर.
रेघा झिजल्या. जुन्या पायरीसारखी
मधोमध गुळगुळीत झालीत बोटं.
या लायसन्सच्या मागे मी हात धुऊन लागले,
तेच नडलं.
इतकं शिकून शेवटी
अंगठेबहाद्दरसुद्धा होता येईना मला.

नदीच्या या काठाला, मिनेसोटात,
मी टाके घालू शकते, निखळलेला खांदा बसवू शकते,
रडणाऱ्या बाळाच्या कानात डोकावू शकते.
पूल चारशे पावलांचा.
दोनशेव्या पावलाला माझं लायसन्स संपतं.
पलीकडे नॉर्थ डकोटा, बीटाचे ढीग,
आणि एक दवाखाना, ज्याच्या दारावर
मार्चपासून कागद चिकटवलाय:
फक्त मंगळवारी.
बाकीचे सहा दिवस माणसं काय करतात
हे अर्जात विचारलेलं नाही.

बाकी सगळं विचारलंय.
माझं कॉलेज बंद पडून तिथे टायरचं गोदाम झालं,
तरी कुलसचिवांची सही हवी, शिक्क्यासकट.
कुलसचिव वारले.
त्यांची मुलगी फोनवर अर्धा तास
त्यांच्या गुलाबांबद्दल बोलत राहिली.
मीही फोन ठेवला नाही.

मग प्रश्न अठरावा.
साठ दिवसांहून जास्त काळ काम केलं नसल्यास
कारण लिहा. अडीचशे अक्षरांत.

एप्रिल ते पुढच्या वर्षीचा जून.
एवढे दिवस मी काम केलं नाही.
एनारला दर दोन तासांनी कुशीवर वळवलं,
घशातला कफ ओढला, नळीतून भरवलं,
त्याची जीभ थांबली तेव्हा
भुवयांची भाषा शिकले.
एकदा वर: ओठांना कॉफी लाव.
दोनदा: तो रेडिओ बंद कर.
तिसरी एक खूण त्यानं एकदाच केली,
तिचा अर्थ मला अजून लागलेला नाही.
तेव्हा कुठल्याच राज्यानं मला परवानगी विचारली नाही.
भावाला लायसन्स लागत नाही.

मी लिहिलं, 'कौटुंबिक कारण.'
उरलेल्या चौकटीत कर्सर
बराच वेळ वरखाली होत राहिला,
भुवईसारखा.

स्काअर खण उघडून हिरवा डबा काढतो,
गायींच्या आचळांना लावायचं मलम.
"आठवडाभर हे चोळ, वर सुती हातमोजे घाल,
आणि हातांना काही काम सांगू नकोस.
माझ्या आईचंही असंच झालं होतं.
तीस वर्षं शाळेची भांडी घासली तिनं."

आता बसलेय. हात मांडीवर,
लग्नाला आलेल्या लाजऱ्या पोरांसारखे
पांढऱ्या मोज्यांत.
शेजारची बेव्हर्ली ताट धुऊन जाते,
वर म्हणते, राणीच झालीस.
रात्री दर दोन तासांनी जाग येते अजून.
हात आपोआप उचलले जातात,
हवेत कुणालातरी कुशीवर वळवतात,
मग त्यांना आठवतं.

सहाव्या रात्री दिव्याखाली मोजा काढला.
उजव्या तर्जनीवर बारीक रेघा उठल्यात,
नांगरलेलं रान विमानातून दिसावं तशा.
बराच वेळ पाहत बसले.
अनोळखी वाटल्या. कुणाच्या म्हणून विचाराव्यात?

डाव्या अंगठ्यावर अजून काहीच नाही.
त्याच अंगठ्यानं मी
एनारच्या पापण्या मिटल्या होत्या.

सोमवारी साडेनऊला स्काअरकडे.
नाही उमटलं, तर चौथ्यांदा.