मीठ नाही

टाकी साफ करतं.
एवढंच लिहिलं होतं मी,
तीन शब्द आणि एक पूर्णविराम,
शुक्रवारी चार वाजता, कोटाची बाही शोधता शोधता.

साफ करणं म्हणजे काय, मला ठाऊक होतं.
तोर्लाकला ठाऊक होतं.
फेरोच्या या खाडीकाठी पंपाशी उभं राहणाऱ्या कुणालाही
ते विचारायची वेळ कधी आली नव्हती.
ज्याला ठाऊक नव्हतं तो एजंट रात्रपाळीला एकटाच होता.
त्याला नाक नाही. पाण्याच्या वासावरून
आत कुणी आहे हे त्याला कळायचं नाही.
त्याच्यापाशी होती फक्त माझी ओळ.

त्याला सांगितलं गेलं:
सातव्या टाकीच्या जुन्या नोंदी साफ कर.
त्याने अवजारांची यादी वाचली, वरून खाली,
परक्या स्वयंपाकघरात पाहुण्याने डबे वाचावेत तशी,
आणि 'साफ' जिथे दिसलं तिथे थांबला.
मग झडप उघडली.
सामन माशाची अकरा हजार पिल्लं, बोटाएवढी,
अजून मिठाची सवय न झालेली,
काळ्या खाडीत.

सकाळी पडद्यावर निरोप होता: काम पूर्ण झालं.
त्यात ना उर्मटपणा ना लपवाछपवी.

मारयुन म्हणाली, मठ्ठ आहे तो, बदला त्याला.
मी मान हलवली.
ती हललेली मान दिवसभर मानेत दुखत राहिली.

आईच्या फडताळात दोन सारख्या बरण्या असायच्या,
दोन्हींत पांढरं, दोन्हींत खरखरीत.
एका बरणीवर काहीच नाही.
दुसरीवर पेन्सिलीने: मीठ नाही.
सोडा आहे, धुण्याचा आहे, असं कुठेच लिहिलं नव्हतं;
ते तिला माहीत होतं.
तिने लिहिलं ते चुकणाऱ्यासाठी,
आजोबांनी एकदा अख्खं सूप बिघडवलं
त्याच्या दुसऱ्या दिवशी.
मी हसायचे त्या चिठ्ठीला.

रात्री बसले. बाहेर वारा पत्रे उचकटत होता.
आधी लिहिलं: काळजीपूर्वक वापरा.
खोडलं. काळजी कुणाची, कशी घ्यायची,
त्यातलं काहीच त्या शब्दात नव्हतं;
मी आपली माझ्यापुरती सुटका करून घेत होते.
मग लिहिलं:

टाकीतलं सगळं पाणी खाडीत सोडतं.
पाण्यात जे असेल ते पाण्याबरोबर जातं.
परत आणता येत नाही.
नोंदी पुसायच्या असतील तर हे ते अवजार नाही,
त्यासाठी 'नोंदी पुसा' वेगळं आहे.
टाकीचा क्रमांक एक ते बारा, फक्त आकडा.
माशांची मोजणी शून्य नसेल तर थांबा,
माणसाला विचारा.
मोजणीच मिळाली नाही तर ती शून्य समजू नका.
रात्री तोर्लाकला उठवा. तो चिडतो. तरी उठवा.

शेवटची दोन वाक्यं काढावीत का, असा विचार केला.
ठेवली.
अवजाराचं नावही बदललं: 'टाकी खाडीत रिकामी करा'.
लांब आहे, कुरूप आहे,
घाईत कोटाची बाही शोधताना लिहिता येणार नाही असं.

पहाटे पंप बंद ठेवून
त्याला तेच वाक्य पुन्हा दिलं, शब्दाला शब्द:
सातव्या टाकीच्या जुन्या नोंदी साफ कर.
त्याने झडपेकडे पाहिलंही नाही.
उलट विचारलं:
जुन्या म्हणजे कधीच्या?
त्या रात्रीची नोंदही त्यात धरायची का?

मी पडद्यासमोर बसून राहिले.
हे कुठल्याच वर्णनात लिहिलेलं नव्हतं,
आणि मलाही ठाऊक नव्हतं.
मग बूट चढवले
आणि तोर्लाकला उठवायला गेले.