तीसच, तीसही

महापे एमआयडीसी, तिसरा मजला, एसीच्या मागची खोली.
चोवीस पोर्टांचा स्विच, त्यावर धूळ,
धुळीत कोयंडे सरांनी बोटाने लिहिलेली तारीख,
आणि हिरवे दिवे, सगळं ठीक असल्याचा आव आणणारे.

पेटी एकच.
दहा नंबरात हिशेबवाले, वीस नंबरात लॅब,
तीस म्हणजे मागच्या गेटवरचं अंगठ्याचं यंत्र.
वायरी एकमेकींना खेटून खोचलेल्या,
पण दहातल्या कुणी हाक घातली,
‘अमुक पत्ता कुणाचा रे?’
तर ती दहातच घुमते.
वीसच्या कानावर जात नाही. तीसला तर
कुणी काही विचारतच नाही.
विटेशिवाय भिंत घालता येते
हे मी बेलापूरच्या क्लासात शिकले,
फी हप्त्याहप्त्याने भरून.

सुगंधा भोईर, रात्रपाळी, फरशी आणि संडास,
तीन दिवस विचारतेय:
‘आंगठा देते, मशीन धन्यवाद बोलतं,
नि ठेकेदार बोलतो तू आलीच नाहीस.
मंग माझा आंगठा जातो कुठं?’

मी सांगायला लागले,
खालचा स्विच, वरचा स्विच, मधे एकच ट्रंक,
सगळ्यांनी त्यातूनच जायचं,
म्हणून प्रत्येकाच्या गठ्ठ्यावर आपापला नंबर...
‘कळलं,’ ती म्हणाली. ‘आमच्या नणंदेचा टेम्पो.
धक्क्यावरून कोपरखैरण्यापर्यंत सात जणींच्या पाट्या.
नणंदेच्या पाटीला लाल चिंधी, फुलाबाईच्या पाटीला पोपटी.
उतरवताना चिंधी बघायची, मासळी नाय.’
आणि चिंधी नसलेली पाटी?
‘ती ड्रायव्हरच्या घरी.’

नेटिव्ह व्हीलॅन इतक्या कमी शब्दांत
मला कुणी शिकवला नव्हता.

ट्रंकच्या यादीत दहा होता, वीस होता.
तीस लिहायचाच राहून गेला होता.
टेम्पोवाल्याला कुणी बोललंच नव्हतं
की सुगंधाची पाटीसुद्धा चढवायची.

नऊ चाळीसला, गेटपाशी लॅपटॉप मांडीवर घेऊन,
मी ओळ टाइप केली.
ह्या वायरीतून जाऊ दे: तीस.
एंटर.

माझाच पडदा गोठला.

एक शब्द राहिला होता. ॲड.
यंत्राला ‘ही’ आपणहून कळत नाही,
आपण सांगितला नाही तर ते स्वतःच्या मनाने ‘च’ लावतं.
मला म्हणायचं होतं, तीसही.
त्याने ऐकलं, तीसच.

हिशेब गेले. लॅबच्या फ्रीझरचं तापमान दिसेना.
कोयंडे सरांचा फोन, मग पुन्हा कोयंडे सरांचा फोन.
लिफ्टची वाट न बघता मी जिने चढत होते,
हातात निळी कन्सोल केबल, चप्पल एका पायात.

आणि त्या अकरा मिनिटांत
अख्ख्या इमारतीतून वर जात होते
फक्त मागच्या गेटचे अंगठे.
तीन रात्रींचे, यंत्राच्या पोटात साठलेले,
सुगंधाचे, रुक्साना शेखचे,
त्या नव्या पोरीचे जिचं नाव
ठेकेदाराच्या यादीत अजून चुकीचं आहे,
मोकळ्या रस्त्याने, हॉर्न न वाजवता.

नऊ एक्कावन्नला मी ॲड लिहिला.
दहा आले. वीस आले. फ्रीझर उणे अठरावर होता, सुदैवाने.
‘कारण काय लिहू?’ सरांनी विचारलं.
एक अव्यय राहिलं, मी म्हटलं.
सरांनी लिहिलं: मानवी चूक.

खाली सुगंधा बादली भरत होती.
‘पोचला का?’
पोचला. तिन्ही रात्रींचा.
तिने अंगठा उलटा करून बघितला,
फिनेलने पांढरा पडलेला,
जणू तो आत्ताच बाहेरगावाहून आलाय.
‘मंग पगार?’

पगार दहा नंबरात आहे, सुगंधा.
तिकडं मला फक्त वायर लावता येते.

तिने मॉप पिळला. बराच वेळ पिळला.