संदर्भ नोंदवताना

तिसरा मजला. बावीस संगणक, चालू सतरा.
आठ नंबरच्या कीबोर्डवर 'ळ' उमटत नाही,
म्हणून तिथे बसेल त्याची शाळा नेहमी 'शाला'.
तक्रार दोनदा दिली आहे. पोच फाईलला लावली आहे.

मी ग्रंथपाल. संगणक हा माझ्या पदाला
मागाहून जोडलेला शब्द,
घणसोली गावाला जोडलेल्या सेक्टरांसारखा.

एफवायची मुलं. अंगठ्यांत वीज.
रील कापतात, गाणं चिकटवतात, पैसे पाठवतात
माझा चष्मा पुसून होईपर्यंत.
पण "सेव्ह कुठे केलंस?" विचारलं
की सगळा वर्ग वर बघतो,
जणू फाईल पंख्याला लटकली असेल.
"मॅडम, आत आहे."
आत म्हणजे कुठे?
कपाट, कपाटात कप्पा, कप्प्यात पिशवी, पिशवीवर नाव:
मी फळ्यावर घर काढते.
अफसाना म्हणते, आमची एकच खोली आहे मॅडम,
आमचं सगळं डेस्कटॉपवरच.
वर्ग हसतो. मीही.
मग जरा वेळ कुणीच नाही.

दुसऱ्या आठवड्यात एक पान लिहायला दिलं:
गावातलं बुजलेलं तळं. संदर्भ तीन.
एकतीस पानं आली. त्यातल्या एकोणीस पानांत
तोच राजा, त्याच पहाटे, त्याच तळ्यात उतरला
आणि एकोणीस वेळा 'स्नान'ऐवजी 'स्थान' करून वर आला.
"हे कुणी सांगितलं?"
"नेटने."
"नेटला कुणी सांगितलं?"
एसीची घरघर.
यंत्र कधी 'माहीत नाही' म्हणत नाही,
लग्नघराचा रस्ता सांगणाऱ्या पाहुण्यासारखं
हात करतं कुठेतरी, ठामपणे.

खडू घेतला. कोण म्हणतं? कधी म्हणालं?
त्याला कसं कळलं? त्यात त्याचा फायदा काय?
चौथा प्रश्न पोरांना फार आवडला.

बुधवारी प्रचिती मढवी आठ नंबरवर बसली, मुद्दाम.
मजकूर चार ओळी. खाली संदर्भ:
एक. आंबूबाय चांगू मढवी, वय तिलाही ठाऊक नाही,
मासळी बाजार, मंगळवार, सकाळी सव्वासात,
मांदेली निवडता निवडता:
"तलं नव्हतंच, बाय. खाजन व्हतं."
दोन. तिचा दीर. म्हणतो, तलंच व्हतं,
ती माहेरची दिव्याची, तिला काय कलतंय.
तीन. जुन्या नकाशाची झेरॉक्स. त्या जागी कोरं.

'ळ' नसलेल्या कीबोर्डने
दोघांचं बोलणं एकही चूक न करता उतरवलं होतं.

"दोघं भांडतायत मॅडम. खरं कुणाचं लिहू?"
भांडण लिही, म्हटलं. भांडणाचीही नोंद होते.

ती उठली नाही.
"तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात ना,
आपल्या लॅबखाली खाडी होती,
उधाणाचं पाणी पार गेटच्या जागेपर्यंत यायचं.
ते कुणी सांगितलं?"

सतरा पडद्यांवर कर्सर लुकलुकत राहिले.
घरतमामांनी. गेटवरचे.
मी रुजू झाले त्या दिवशी, सहीला पेन देताना.
"पूर्ण नाव?"

सात वर्षं मी दर जूनला ते वाक्य
नव्या मुलांसमोर ठेवते, पाण्याच्या ग्लाससारखं.
सात वर्षं मी त्यांना मामा म्हणते.

"आणि त्यांना कसं कळलं?"
प्रचितीने पेन उघडं धरलं होतं.
ती मला पकडत नव्हती.
तिला फक्त रकाना भरायचा होता.

मी माझं वाक्य फळ्यावर लिहिलं,
नाव तेवढं सोडलं. एवढी रिकामी जागा
मी कधी कुणाच्या पेपरात चालवून घेतली नसती.

तास संपला. नेहमीसारखी मुलं
लॉगआउट न करताच पळाली.
सतरा वेळा वाकले.
मग वही घेतली, जिना उतरले,
उतरताना मनात दोनदा म्हणून पाहिलं,
मामा, तुमचं नाव काय हो.

इतक्या उशिरा माणसाला नाव कसं विचारतात
हे सर्च केलं असतं,
तर काहीतरी उत्तर आलंच असतं.